स्वेदज-विचार : पोथींतील कीड व जीवोत्पत्तीचा शोध

(१)

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकाच्या वांट्यास केव्हां तरी असा दिवस येतो कीं, बस्ता सोडावा आणि कागदाऐवजीं भुगा हातीं यावा. आमच्यावर तो प्रसंग आला त्यास आतां कांहीं वर्षें झालीं. शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर घाटाखालच्या एका खेड्यांतून आम्हांस एक लहानसें दप्तर मिळालें. त्यांत कांहीं स्तोत्रांच्या पोथ्या, दोन महजरांच्या नकला आणि एका वतनाचा करीना होता. दप्तर हातीं देतांना घरचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, कागद थोडे किडले आहेत. कोंकणची ओल, पोथींत कीड आपोआप होते, तिला कोण काय करणार?" आम्हीं मान डोलाविली. लहानपणीं अमरकोश पाठ करतांना कृमि, डांस वगैरे जीव स्वेदज, म्हणजे घाम, ओल व उष्मा यांपासून होणारे, असेंच आम्ही शिकलों होतों. तेव्हां त्यांचें म्हणणें आम्हांस शास्त्रसंमतच वाटलें. दप्तर एक दिवस उन्हांत ठेवून आम्हीं तें आमच्या जुन्या पोथ्यांच्या कपाटांत ठेवून दिलें.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षीं कपाट उघडलें तों तीस वर्षें ज्यांस कांहीं झालें नव्हतें अशा आमच्या पोथ्यांतून टांचणीच्या माथ्याएवढीं वाटोळीं भोकें आरपार गेलेलीं दिसलीं. करीन्याची नक्कल आज करूं, उद्यां करूं, असें म्हणत आम्हीं तें काम लांबणीवर टाकिलें होतें. त्याच्या शेवटच्या ओळींत 'शके' हा शब्द शाबूत राहिला. पुढचे आंकडे मात्र गेले. तो करीना कोणत्या सालचा, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. हा दोष सर्वस्वीं आमचा आहे, व तो झांकण्याचा आमचा विचार नाहीं.

परंतु त्याच खोलींत, त्याच भिंतीस लागून, आमचें दुसरें एक कपाट होतें. भिंत तीच, ओल तीच, पाऊस तोच. आणि त्या कपाटांतील एकाही पानास भोंक पडलें नव्हतें. ओल ही जर किडीची माता असेल, तर ती एका कपाटांत प्रसवली आणि दुसऱ्यांत वांझ कां राहिली? या प्रश्नानें आम्हांस संस्कृत ग्रंथांपासून युरोपांतील प्रयोगशाळांपर्यंत फिरविलें. त्या फेरींत जें सांपडलें तें संग्राहक बंधूंच्या उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें येथें मांडीत आहों.

(२)

प्रथम आपल्या ग्रंथांची साक्ष पाहूं. ऐतरेय उपनिषदांत जीवांचे चार वर्ग सांगितले आहेत : अंडज, जारुज म्हणजे जरायुज, स्वेदज व उद्भिज्ज. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायांत डांस, मच्छर, उवा, माशा व ढेकूण यांची गणना स्वेदजांत केली आहे. चरकाच्या शारीरस्थानांत आणि सुश्रुताच्या सूत्रस्थानांत हेच चार वर्ग आहेत. मराठींत 'चार खाणी' हा शब्द दासबोधाच्या वाचनानें घरोघर पोंचला. तेव्हां ही कल्पना आपल्याकडे किती खोल रुजली होती तें निराळें सांगावयास नको.

तथापि एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत जीवांचीं बीजें तीनच सांगितलीं आहेत : अंडज, जीवज व उद्भिज्ज. तेथें स्वेदज नाहीं. हा भेद आपल्या आचार्यांच्या नजरेंतून सुटला नाहीं. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत त्याचा निर्णय केला आहे. तो असा कीं, तिसऱ्या म्हणजे उद्भिज्ज या शब्दांतच स्वेदजाचा अंतर्भाव समजावा. शंकराचार्यांनीं भाष्यांत कारण दिलें आहे कीं, एक भूमि भेदून वर येतें, दुसरें जल भेदून. भेदून येणें दोहोंस समानच. दोन श्रुतिवचनांचा समन्वय या दृष्टीनें हा निर्णय निर्दोष आहे. पण वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, येथें प्रश्न वचनांचा होता व उत्तरही वचनांचेंच मिळालें. डांस खरोखर कोठून येतो, हें पाहण्याचें त्या स्थळीं प्रयोजनच नव्हतें.

हा दोष केवळ आपलाच, असें मानून कोणीं खिन्न होऊं नये. ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटल यानें कित्येक कीटक दंव, चिखल व शेण यांपासून होतात असें लिहून ठेविलें आहे, व युरोपांतील पंडितांनीं तें सुमारें दोन हजार वर्षें प्रमाण मानिलें. ज्याचे ग्रंथ इ. स. १६४८ त त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले, तो फान हेल्मोंट नांवाचा वैद्य तर लिहितो कीं, मळका सदरा गव्हाच्या भांड्यांत घातल्यास २१ दिवसांत उंदीर उत्पन्न होतात! हा गृहस्थ मूर्ख नव्हता. रोपट्याचें वजन करून त्याची वाढ तपासणाऱ्या आद्य प्रयोगकर्त्यांपैकीं तो एक होता. गहूं ठेविला तेथें उंदीर दिसले, एवढें त्यानें खरेंच पाहिलें असेल. गहूं ठेवूनही उंदीर येऊं शकणार नाहीं अशी व्यवस्था करून काय होतें, हें त्यानें पाहिलें नाहीं.

(३)

तें पाहणारा पुरुष इटलींत निघाला. फ्रान्चेस्को रेदी हा आरेत्सो गांवचा. फ्लॉरेन्स येथें तस्कनीच्या ग्रँड ड्यूकचा राजवैद्य. त्याचा कीटकांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ इ. स. १६६८, म्हणजे शके १५९० त प्रसिद्ध झाला. आग्र्याहून सुटून आलेले शिवाजी महाराज त्या सुमारास पुरंदरच्या तहांत गेलेले किल्ले परत घेण्याची संधि पाहत होते, असें म्हटलें म्हणजे काल नीट ध्यानांत येईल.

रेदीनें प्रथम तीन मेलेले साप एका उघड्या पेटींत कुजूं दिले. त्यांवर अळ्या झाल्या. अळ्या वाढल्या, निश्चल झाल्या, अंड्यासारख्या कठीण कोशांत गेल्या, आणि कोशांतून माशा निघाल्या. या माशा मांसावर घोंघावणाऱ्या माशांच्याच जातीच्या आहेत, हें त्याच्या ध्यानीं आलें. तेव्हां त्यास शंका आली कीं, या अळ्या मांसाच्या नसून माशांच्याच संतति असाव्यात. येथें त्यास होमरच्या इलियड काव्याची आठवण झाली. त्याच्या एकोणिसाव्या सर्गांत अकिलीज आपल्या मृत मित्राच्या जखमांत माशा शिरून अळ्या पाडतील म्हणून चिंता करतो. म्हणजे जें पंडितांस दिसलें नाहीं, तें काव्यांत सहज येऊन गेलें होतें. परंतु रेदी त्या काव्यवचनावरही थांबला नाहीं, हें महत्त्वाचें.

त्यानें रुंद तोंडाच्या चार बरण्या घेतल्या. एकींत साप, दुसरींत नदींतील मासे, तिसरींत आर्नो नदीच्या वाम माशा आणि चवथींत वासराच्या मांसाचा तुकडा घालून त्या कागदानें घट्ट बंद केल्या. तितक्याच दुसऱ्या बरण्या त्याच वस्तु घालून उघड्या ठेविल्या. उघड्या बरण्यांत माशा जात-येत राहिल्या व अळ्या पडल्या. बंद बरण्यांतील मांस कुजलें, दुर्गंधि सुटली. पण कित्येक दिवस गेले तरी अळी एकही झाली नाहीं. हाच प्रयोग त्यानें बैल, हरिण, म्हैस, सिंह, वाघ अशा नाना प्राण्यांच्या मांसावर पुनः पुनः केला. एका प्रतीवरून पाठ ठरवूं नये, हें जसें आपण जाणतों, तसें तो जाणत होता.

तरी एक आक्षेप शिल्लक होता. बरणी बंद केली म्हणजे हवाही बंद झाली. हवेवांचून उत्पत्ति झाली नसेल! हा आक्षेप दुसऱ्या कोणाच्या तोंडून येण्याची वाट न पाहतां रेदीनें बरण्यांच्या तोंडांवर नेपल्सचें अतिशय झिरझिरीत वस्त्र बांधलें. हवा आंत जाई, माशी जात नसे. माशांनीं त्या वस्त्रावर येऊन अळ्या टाकिल्या. आंतल्या मांसांत मात्र एकही दिसली नाहीं. हें वस्त्र म्हणजे या शास्त्राच्या इतिहासांतील एक मोठें साधन होय. त्यानें दोन बरण्यांमधील सर्व भेद काढून टाकून एकच भेद शिल्लक ठेविला. दोहोंकडे मांस सारखें, ऊन सारखें, हवा सारखी. एकीकडे माशी आहे, एकीकडे नाहीं. यानंतर कारण कोणतें, याविषयीं संशयास जागा उरत नाहीं.

रेदीची मर्यादाही सांगितली पाहिजे. झाडांच्या पानांवर ज्या गांठी येतात त्यांतील कीटक झाडाच्या जीवशक्तीनेंच उत्पन्न होतात, असें तो मानीत असे. त्याच देशांतील माल्पिघी यानें १६७९ त प्रसिद्ध केलेल्या वनस्पतिविषयक ग्रंथांत त्या गांठींचें मूळ कीटकांनीं घातलेल्या अंड्यांत असल्याचें दाखविलें. शोधकानें एक दार उघडलें म्हणून सर्व घर त्यानें पाहिलें असें होत नाहीं.

(४)

ज्यांनीं तर्कसंग्रह वाचला आहे त्यांस रेदीची युक्ति अपरिचित वाटणार नाहीं. कारण असतां कार्य असणें हा अन्वय, कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. अन्वयानें अनुमान सुचतें. व्यतिरेकानें तें पक्कें होतें. आणि केवळ साहचर्य पाहून फसणाऱ्यासाठीं नैयायिकांनीं 'उपाधि' हा पदार्थ सांगून ठेविला आहे. अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असें म्हणणाऱ्यास ते विचारतात : ओलें सरपण आहे काय? जेथें धूर तेथें ओल्या सरपणाचा योग आहेच. पण जेथें अग्नि तेथें तो असेलच असें नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, धूर नाहीं.

आमच्या कपाटांची गोष्ट हुबेहूब अशीच होती. ओल आहे म्हणून कीड आहे, हें त्या गृहस्थांचें व आमचें अनुमान. दुसरें कपाट हा त्यावर व्यभिचार. ओल आहे, कीड नाहीं. मग उपाधि कोणता? किडक्या दप्तराचा स्पर्श. तो पहिल्या कपाटास झाला, दुसऱ्यास झाला नाहीं.

म्हणजे शोधाचें हत्यार आपल्या शास्त्रांत धार लावून ठेवलेलें होतें. उणीव होती ती एवढीच कीं, उदाहरणें बहुधा जगांत जशीं पडलीं असतील तशीं घेतलीं जात. व्यतिरेक पाहण्यासाठीं मुद्दाम बरणीचें तोंड बांधण्याची रीत पडली नाहीं. आपल्या पूर्वजांस हें सर्व ठाऊक होतें असें म्हणणें जितकें चूक, तितकेंच त्यांस विचारच करतां येत नव्हता असें म्हणणेंही चूक आहे.

रेदीचें वृत्त वाचल्यावर आम्हींही एक लहानसा प्रयोग केला. कोऱ्या जुन्या हातकागदाचे सारखे तुकडे दोन कांचेच्या बरण्यांत घातले, दोहोंचीं तोंडें दाट विणीच्या मलमलीनें बांधलीं, आणि दोन्ही त्याच ओल्या भिंतीशीं ठेविल्या. एकींत मात्र किडक्या दप्तराचें एक पान घातलें होतें. वर्ष लोटल्यावर त्या बरणींतील कोऱ्या कागदास भोकें पडलीं व तळाशीं तपकिरी रंगाचे बारीक भुंगेरे मरून पडलेले आढळले. दुसरींतील कागदास एकही भोंक नव्हतें. आमची खात्री झाली. परंतु त्याच दुसऱ्या बरणींतील कागदावर बुरशीचे करडे ठिपके पडले होते. मलमलीनें भुंगेरा अडला. मग ही बुरशी कोठून आली? आम्हांस जो प्रश्न एका वर्षांत पडला, तोच युरोपास रेदीनंतर सुमारें दोनशें वर्षें छळीत होता.

(५)

त्याचें कारण असें झालें कीं, रेदीचा ग्रंथ निघून सहा वर्षें होतात न होतात तोंच जीवसृष्टीचा एक नवाच मुलूख उघडकीस आला. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहुक स्वतः भिंगें घांसून त्यांतून पाहत असे. १६७४ त, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षीं, त्याला तळ्याच्या पाण्यांत डोळ्यांस न दिसणारे जीव हालतांना दिसले. १६७६ च्या ऑक्टोबरांत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीस याविषयीं सविस्तर पत्र लिहिलें. तेथील विद्वानांस तें प्रथम खरें वाटलें नाहीं. पुढील वर्षीं हूक यानें स्वतः भिंग लावून पाहिलें, तेव्हां तें मान्य झालें.

आतां स्वेदजवादास नवा आश्रय मिळाला. माशीस अंडें असेल; पण या सूक्ष्म जंतूंस अंडें कोठलें? इंग्रज धर्मोपदेशक नीडहॅम यानें १७४८ त लिहिलें कीं, मांसाचा कढत रस बाटलींत भरून बूच मारिलें तरी कांहीं दिवसांत तो जंतूंनीं भरून जातो. यास इटालियन धर्मोपदेशक स्पालान्झानी यानें १७६५ त उत्तर दिलें. त्यानें कांचेचीं तोंडें वितळवून बंद केलीं आणि बाटल्या सुमारें तासभर उकळत्या पाण्यांत ठेविल्या. त्यांत जंतु झाले नाहींत. नीडहॅमचें बूच सैल व उकळी अपुरी, असा त्याचा निष्कर्ष. नीडहॅमनें उलट म्हटलें कीं, इतक्या उष्णतेनें रसाची वर्धनशक्तिच मेली व आंतली हवाही बिघडली. रेदीनें ज्या आक्षेपास वस्त्रानें उत्तर दिलें होतें, तोच आक्षेप पुनः उभा राहिला. आणि सूक्ष्म जंतु अडवील पण हवा जाऊं देईल असें वस्त्र कोणाजवळ नव्हतें.

(६)

तें वस्त्र फ्रान्सांतील पाश्चर यानें कांचेचें केलें. रूआँ येथील पूशे नांवाच्या प्रतिष्ठित निसर्गशास्त्रज्ञानें १८५९ त स्वयंभू उत्पत्तीचें समर्थन करणारा मोठा ग्रंथ लिहिला होता. पॅरिसच्या विज्ञान-अकादमीनें या वादाच्या निर्णयार्थ २५०० फ्रँकांचें पारितोषिक लाविलें. तें १८६२ त पाश्चरला मिळालें. त्यानें कांचेच्या चंबूची मान तापवून हंसाच्या मानेप्रमाणें लांब, बारीक व वांकडी केली व आंतील रस उकळून चंबू तसाच उघडा ठेविला. हवेस जाण्यायेण्यास पूर्ण मोकळीक. पण हवेंतील धूळ त्या वांकणांत बसून राही. रस महिनोगणती निर्मळ राहिला. मान तोडली, किंवा चंबू कलता करून वांकणांतील धुळीस रसाचा स्पर्श होऊं दिला, कीं थोड्याच काळांत रस गढूळ होई. बीज हवेंत नसून हवेंतील धुळीबरोबर आहे, हें यावरून उघड झालें.

शिवाय त्यानें १८६० त उकळलेल्या रसाचे बंद चंबू निरनिराळ्या स्थळीं नेऊन क्षणभर उघडले व पुनः बंद केले. जुरा पर्वताच्या पायथ्याच्या मुलुखांत २० पैकीं ८ नासले, त्या पर्वतावर सुमारें ८५० मीटर उंचीवर २० पैकीं ५, आणि आल्प्समधील बर्फाच्या प्रवाहाजवळ सुमारें २००० मीटर उंचीवर २० पैकीं एकच. हवा तिन्ही ठिकाणीं होती. धूळ मात्र चढत्या उंचीबरोबर कमी होत गेली.

येथवरचें वृत्त पाठ्यपुस्तकांत असतें. पुढचें क्वचित् असतें, आणि आम्हां संशोधकांस तेंच अधिक बोधप्रद आहे. १८६३ त पूशे व त्याचे दोन सहकारी पिरेनीज पर्वतावर गेले व त्यांनींही उंचावर चंबू उघडले. त्यांचे सर्वच चंबू जंतूंनीं भरले. अकादमीनें चौकशीमंडळ नेमिलें. त्यांतील सभासदांचा कल पाश्चरकडे होता. प्रयोगाच्या अटींवरून वाद होऊन १८६४ त पूशेच्या पक्षानें माघार घेतली, व जय पाश्चरचा झाला. लोकांनीं समजावें तें समजलें, कीं पूशेचें निरीक्षण खोटें होतें.

तें खोटें नव्हतें. पाश्चरचा रस यीस्टचा होता, पूशेचा वाळलेल्या गवताचा. १८७६ त जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनंड कोन यानें दाखविलें कीं, गवतांत राहणारा एक जंतु प्रतिकूल काळीं कठीण कवचाचें बीज धारण करितो, आणि तें बीज उकळत्या पाण्यांतही मरत नाहीं. पूशेनें रस उकळला तेव्हां सर्व मेलें अशी त्याची समजूत झाली. वस्तुतः बीजें आंतच जिवंत होतीं, व चंबू उघडतांच हवा मिळून तीं रुजलीं. इंग्लंडांत टिंडल यानें त्याच सुमारास यावर उपाय शोधला : रस एकदांच फार वेळ न उकळतां कांहीं अवकाशानें पुनः पुनः तापवावा, म्हणजे मधल्या वेळांत जीं बीजें रुजून कोंवळीं झालीं असतील तीं पुढच्या आंचेंत मरतात.

दोन विश्वसनीय प्रतींत पाठभेद आढळला असतां एका लेखकास खोटा ठरवून मोकळें होणें ही संपादकाची रीत नव्हे. भेद कां पडला हें शोधणें हीच रीत. अकादमीनें पहिला मार्ग धरिला, कोननें दुसरा. निर्णय पाश्चरचाच बरोबर ठरला. पण त्याचें पूर्ण कारण त्या निर्णयानंतर बारा वर्षांनीं कळलें.

आणखी एक गोष्ट. पाश्चरच्या प्रयोगांच्या हस्तलिखित वह्या त्याच्या नातवानें १९६४ त पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दिल्या. पुढें त्या अभ्यासकांस पाहावयास मिळाल्या, तेव्हां छापील निबंधांत जितका मार्ग सरळ दिसतो तितका तो नव्हता असें आढळलें. पाऱ्यावर चंबू धरून केलेल्या प्रयोगांत जंतु वारंवार उत्पन्न होत. त्यावरून स्वयंभू उत्पत्ति खरी असें न मानतां दोष आपल्या साधनाचा आहे असें पाश्चरनें धरलें, आणि पाऱ्याच्या पृष्ठावरील धूळच बीज आंत नेते हें अखेर दाखविलें. आधीं मत होतें, मग त्याच्यासाठीं प्रमाण शोधलें, असें कोणी म्हणेल. म्हणूं द्यावें. बखर व अस्सल कागद यांत जें अंतर, तेंच छापील निबंध व प्रयोगवही यांत असतें. मूळ दप्तर राखून ठेविलें म्हणून तें कळलें, आणि कळूनही सिद्धांत ढळला नाहीं.

(७)

'बीज कोठून आलें' हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाहीं, हें आपल्या मुंबईच्या इतिहासांत दिसून आलें आहे. पाश्चरच्या संस्थेंत काम केलेला हाफकीन १८९६ त प्लेगच्या सांथीवर उपाय शोधण्यासाठीं मुंबईस आला. मांसरसांत प्लेगचे जंतु वाढवून, मग ते मारून, त्यानें लस केली व १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल गांवीं याच लसीच्या एका बाटलींतून टोंचलेले १९ लोक धनुर्वातानें मेले. धनुर्वाताचें बीज मुंबईच्या प्रयोगशाळेंत बाटलींत गेलें, कीं मुलकोवालास बाटली उघडतांना? चौकशींत प्रयोगशाळेवर ठपका आला आणि हाफकीनचें काम गेलें. पुढें कागद पुनः तपासतां, बाटली उघडण्याचा चिमटा त्या वेळीं जमिनीवर पडला होता, ही गोष्ट पुढें आली. सर रोनाल्ड रॉस प्रभृतींनीं १९०७ त ती उचलून धरिली, व हाफकीन दोषमुक्त झाला. परळची संस्था आज त्याच्याच नांवानें चालते. कीड आपोआप होते असें मानणाऱ्यास हा प्रश्नच पडला नसता; मग ना एकोणीस मृत्यूंचें कारण कळलें असतें, ना निरपराध मनुष्यावरील कलंक धुतला गेला असता.

येथें एक मर्यादा नमूद केली पाहिजे. जीवापासूनच जीव होतो, हा सिद्धांत आजच्या पृथ्वीवर आपल्यासमोर जें घडतें त्याविषयीं आहे. साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या काळीं पहिला जीव निर्जीव द्रव्यांतून कसा झाला, हा निराळा प्रश्न असून शास्त्रज्ञ अद्याप त्यावर काम करीत आहेत. १९५३ त अमेरिकेंत मिलर यानें साध्या वायूंच्या मिश्रणांतून विजेच्या ठिणग्या सोडून प्रथिनांचे घटक असलेलीं कांहीं अम्लें मिळविलीं. जीव मिळविला नाहीं. रेदीनें बरणीचा प्रश्न सोडविला, आरंभाचा नव्हे.

(८)

आतां पोथीकडे वळूं. आपल्या संग्रहांचे तीन मुख्य शत्रु. कसर ही फटींत अंडीं घालते. तिचीं पिलें मोठ्या कसरीसारखींच दिसतात, आणि खळ व कागदाचा पृष्ठभाग खरवडून खातात. वाळवी जमिनींतून किंवा भिंतींतून मातीच्या नळ्या करीत येते. तिसरा तो बारीक भुंगेरा, ज्यानें आमचा शक खाल्ला. याची अळी अंड्यांतून निघते, पानांच्या आंत बोगदे करीत वाढते, तेथेंच कोश करिते, आणि पूर्ण भुंगेरा झाल्यावर वाटोळें भोंक पाडून बाहेर पडतो. आपल्या दृष्टीस पडतें तें त्याच्या जाण्याचें दार. येण्याचें दार कोणी पाहिलेलें नसतें. म्हणूनच तो आंतच उत्पन्न झाला असें वाटतें. ओल ही या सर्वांस साह्य करिते, बुरशीसही करिते. ती निमित्त आहे, उपादान नाहीं. म्हणून ओल काढावीच, पण ओल काढली म्हणजे काम संपलें असें समजूं नये.

यावरून नियम निघतो तो साधा आहे. नवीन मिळालेलें दप्तर, मग तें कितीही मोलाचें असो, जुन्या संग्रहांत एकदम ठेवूं नये. तें निराळ्या खोलींत, घट्ट बांधून, खालीं पांढरा कागद घालून निदान एक वर्ष ठेवावें व वारंवार पाहावें. कागदावर ताजा भुगा पडूं लागला तर आंत जीव आहे असें समजावें. वेखंड व कडूनिंबाचीं पानें ठेवण्याची परंपरा चांगली आहे. पण कीड आंत आलेलीच असेल तर बाहेरून वेखंड ठेवणें म्हणजे चोरास घरांत घेऊन मग कुलूप लावणें होय. एक दिवसाच्या उन्हानें अळी मरत नाहीं, हें आम्ही किंमत देऊन शिकलों. शाई व कागद मात्र उन्हानें बिघडतात. आजच्या ग्रंथसंग्रहालयांत किडकी पुस्तकें हवाबंद पिशवींत घालून शून्याखालीं २० अंशांच्या थंडींत आठवडा-दोन आठवडे ठेवण्याची पद्धति आहे. तीनें अंडींसुद्धां मरतात. ज्यांस जवळच्या एखाद्या संस्थेंत अशी सोय होण्याजोगी असेल त्यांनीं जाणत्याच्या सल्ल्यानें ती करून घ्यावी. आणि सर्वांत आधीं नक्कल करावी.

पोथीच्या शेवटीं लेखक जी विनंति लिहीत, ती सर्वांस ठाऊक आहे : तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा. लहानपणीं आम्हांस वाटे कीं, सैल बांधणीनें पानें विस्कळीत होतात एवढाच त्याचा अर्थ. आतां वाटतें, आणखीही कांहीं त्या जुन्या हातांस अनुभवानें कळलें असावें. लांकडी फळ्यांमध्यें दाबून, दुहेरी रुमालांत आवळून बांधलेली पोथी म्हणजे रेदीची तोंड बांधलेली बरणीच होय. बांधणाऱ्यांनीं कारण लिहून ठेविलें नाहीं. तें शोधण्याचें काम आपलें आहे.

तो करीना आम्हीं आतां उतरून ठेविला आहे. 'शके' या शब्दापुढें जागा कोरी सोडली आहे. याच वतनाचा दुसरा कागद कोणा संग्राहकाजवळ असेल तर त्यांनीं पानें तपासावींत, आणि ती जागा भरून देण्याची कृपा करावी.